मधली दोन वर्षं

मावशी,

तुझ्या स्मरणसभेत मी काय बोलले ते तुला कुणीतरी सांगायला हवं. ते काम भास्करकाकांवर सोडलं तर ते त्यात साखर पेरतील, म्हणून मीच सांगते. तुला जाऊन पाच आठवडे झाले. मार्च उजाडला तरी बाहेर बर्फ तसाच आहे, काळा पडलेला, रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवलेला. तुझ्या दाराला आता एजंटची, किल्ली ठेवायची कुलपाची पेटी लटकते आहे. घर विकायला काढलंय.

आपली ओळख तांदळाच्या पिशवीवरून झाली. ईडन प्रेरीतल्या इंडियन ग्रोसरीत वीस पौंडांची पिशवी ट्रॉलीत ठेवताना तू अडखळलीस आणि मी पुढे होऊन म्हटलं, "काकू, द्या, मी ठेवते." तू मला न्याहाळलंस. "काकू व्हायला घरात एक काका लागतो. तो काही मी केला नाही. मावशी म्हण. आणि मावशीला कुणी अहो-जाहो करत नाही." पार्किंग लॉटमध्ये तू विचारलंस, मी करते काय. सॉफ्टवेअर टेस्टिंग, मी म्हटलं. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतेस? मग रविवारी माझ्याकडे ये. मीही आयुष्यभर तेच केलंय."

रविवारी सकाळी दहाला तुझ्या टाउनहोममध्ये तुझा वर्ग भरायचा, आठ-दहा माणसं जमायची. कुणी पुण्याचं, कुणी मुंबईचं, कुणी नागपूरचं, झाडून सगळे कॉम्प्युटरवाले. अपवाद भास्करकाकांचा, ते रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर. बूट दाराशी, जाकिटांचा ढीग तुझ्या पलंगावर, पोह्यांचं पातेलं ओट्यावर. तू नागपूरची, संस्कृत शिकून इथे आलीस आणि ग्रीकच्या नादी लागलीस. पुढे मिनेसोटातल्या कॉलेजांत प्राचीन तत्त्वज्ञान शिकवण्यात तुझी हयात गेली, पण तुझा जीव अडकला होता एकाच माणसात. काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत ज्याच्या नावानं आपण सगळ्यांनी शाळेत घोकला, तो. त्याचे अनुयायी आदरापोटी त्याचं नाव घेत नसत, नुसतं 'ते गृहस्थ' म्हणत, हे तू पहिल्याच दिवशी सांगितलंस आणि आपल्या वर्गातही तेच पडून गेलं. समीर, माझा नवरा, वर्गाला कधी आला नाही, पण रविवारी उठल्या उठल्या विचारायचा, "आज गृहस्थ आहेत का सुट्टी?"

खरं तर तुला त्या गृहस्थांपेक्षा त्यांच्या भक्तांचंच वेड जास्त होतं. गृहस्थ स्वतः एक ओळही लिहून गेलेले नाहीत. त्यांच्यानंतर सात-आठशे वर्षांनी रोममध्ये, सीरियात काही तत्त्वज्ञ होऊन गेले. मोठे विद्वान, तर्कात कुणाला हार न जाणारे. त्यांनी या माणसाची चरित्रं लिहिली. त्यांत त्याची मांडी सोन्याची आहे. एकाच दिवशी तो दोन गावांत दिसतो. नदी ओलांडताना नदी त्याला नावानं हाक मारून नमस्कार करते. माणसं खाणाऱ्या अस्वलाला तो समजावतो आणि अस्वल शिकार सोडून देतं. हे वाचून दाखवताना तू चष्मा कपाळावर ढकलायचीस. "ही माणसं मूर्ख नव्हती, हे लक्षात ठेवा," म्हणायचीस. "म्हणून तर मला त्यांचा राग येतो."

एकदा मी म्हटलं, "पण मावशी, त्यांची देवळं ओस पडायला लागली होती, नवा धर्म वाढत होता, असं तूच सांगितलंस. त्यांना एक तरी माणूस नको का दाखवायला, की बघा, असंही जगता येतं?"

"मग स्वतः जगून दाखवायचं. मेलेल्याला सोन्याची मांडी कशाला चिकटवायची? माणसाचा एकदा देव केला ना मेधा, की त्याच्याशी भांडता येत नाही. आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याकडून शिकणार काय?"

"लोक शिकले की. मांस सोडलं त्यांनी. रोज दिवस संपताना आज आपलं काय चुकलं, काय करायचं राहिलं, याची उजळणी करायचे. गृहस्थ खोटे असतील, पण यांचं जगणं तर खरं झालं?"

"खोट्याच्या आधारानं उभं राहिलेलं खरं किती दिवस टिकतं ते सांग मला."

हा वाद आपण पाच वर्षं घातला. पोहे गार व्हायचे, बाकीचे फोन काढून बसायचे, आणि आपण दोघी ओट्यापाशी उभ्या राहून भांडायचो. ऑफिसात दिवसभर माझ्याशी कुणी असं बोलत नव्हतं. लग्न, मुलगी, व्हिसा, मॉर्गेज याच्या पलीकडे मला डोकं आहे, हे तू मला परत सांगितलंस. ते मी विसरणार नाही. पुढे जे झालं त्यानंतरही विसरणार नाही.

त्याच वर्गात तुझीही एक गोष्ट सांगितली जायची. नवीन कुणी आलं आणि तू चहा करायला उठलीस की भास्करकाका खुर्ची पुढे ओढायचे. तुझ्या पहिल्या कॉलेजात लिंडा नावाची सहकारी होती, ग्रीक शिकवायची, तुझ्यापेक्षाही छान. तिला अन्यायानं काढलं. आणि त्याच्या निषेधार्थ आपल्या मावशींनी, परक्या देशात एकट्या असताना, व्हिसावर असताना, राजीनामा दिला. "छाती लागते," काका म्हणायचे, आणि व्हिसावर असलेली आम्ही सगळी माना खाली घालून बसायचो. तू ट्रे घेऊन आलीस की विषय बदलायचा. तुला ऐकू गेलं नसेल असं मी धरून चालले होते. पण तुझं स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंतच नव्हती, मावशी.

मग माझी वेळ आली. माझ्या टीममध्ये कॅरल होती, अठ्ठावन्न वर्षांची, कंपनीत वीस वर्षं काढलेली. तिचा पगार माझ्या बॉसच्या डोळ्यावर आला होता. त्यानं मला सांगितलं, कॅरलनं वेळेवर कामं दिली नाहीत असं लिहून दे, मागच्या तारखा टाकून. तिनं एकही डेडलाइन चुकवली नव्हती. तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. बुधवारी लंच ब्रेकमध्ये मी ड्राइव्ह करून तुझ्याकडे आले. तू मेथी निवडत होतीस.

"काय करू, मावशी? माझा आणि समीरचा, दोघांचाही व्हिसा या नोकरीवर आहे."

"तुला काय वाटतं?"

"मला सारखी लिंडाची गोष्ट आठवते. म्हणजे तुझी."

तुझे हात थांबले. तू मेथीच्या काड्यांकडे बघत राहिलीस, इतका वेळ की मला वाटलं तुला बरं वाटत नाहीये. मग म्हणालीस, "तुला काय करायचं ते तुला माहीत आहे."

एवढंच. मी हलकी होऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी बॉसच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, मी हे लिहिणार नाही. मनात तू होतीस, तरुण, एकटी, राजीनाम्याचा कागद हातात धरलेली. सहा आठवड्यांनी ले-ऑफची यादी आली. तिच्यात माझं नाव होतं. कॅरलचंही होतं. म्हणजे ती काही वाचली नाही.

नोकरी गेली की व्हिसावाल्याला साठ दिवस मिळतात, नवी नोकरी शोधायला नाहीतर सामान बांधायला. एकविसाव्या दिवशी सांगलीहून समीरच्या भावाचा फोन आला. बाबांना हार्ट अटॅक आला, दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. मी म्हटलं, "तू जा." समीर म्हणाला, "जाऊन परत कसा येऊ?" नोकरीशिवाय देशाबाहेर पडलं की परत आत येता येत नाही. त्यानं डायनिंग टेबलावर साखरेच्या बरणीला फोन टेकवून ठेवला आणि वडिलांचे अंत्यविधी बघितले. भावाच्या हातातला फोन सारखा हलत होता, त्यामुळे कधी छत दिसायचं, कधी लोकांचे पाय. आमची अन्वी तेव्हा सात वर्षांची. मागून येऊन तिनं विचारलं, "बाबा, व्हाय इज आजोबा ऑन द फ्लोअर?"  समीरनं तिला मांडीवर घेतलं आणि तिचे डोळे झाकले. स्वतःचे उघडे ठेवले.

त्या दिवशी तू वरण-भात घेऊन आलीस. समीरच्या शेजारी बसून त्याचा हात धरलास. तासभर तू त्या खुर्चीवरून हलली नाहीस आणि एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, हिला आपलं दुःख कळतंय.

बावन्नाव्या दिवशी मला नोकरी लागली, एक पायरी खालची. ग्रीन कार्डाची कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. समीरनं मला कधीही, चुकूनसुद्धा, एक वाकडा शब्द ऐकवला नाही.

दोन वर्षं गेली. तुझी ऐंशी जवळ आली तशी भास्करकाकांनी सहस्रचंद्रदर्शनाची टूम काढली. तू म्हणालीस, "मला चंद्र मोजायचे नाहीत." तेव्हा समारंभाऐवजी एक छोटी पुस्तिका काढायची ठरली, तुझ्यावर, आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. तू गॅरेजमधली खोकी दाखवलीस आणि म्हणालीस, "हवं ते घे, उरलेलं रिसायकलिंगमध्ये टाक." तुला ठाऊक नव्हतं का त्यांत काय आहे? का ठाऊक होतं म्हणूनच दाखवलीस? हे मला विचारायचं राहिलं.

तिसऱ्या खोक्यात तुझ्या पहिल्या कॉलेजचं पत्र होतं, टाइपरायटरवर लिहिलेलं. लिंडाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवू नये अशी विभागाची शिफारस आहे, तिचा अभ्यासविषय विभागाच्या गरजांत बसत नाही. खाली तीन सह्या. तिसरी तुझी, एक एक अक्षर सुटं, वळणदार. त्याच फाइलीत तुझा राजीनामाही होता. तारीख दोन वर्षांनंतरची. दुसरीकडे संधी मिळाल्यामुळे जात आहे, आपण दिलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.

मी दोन्ही कागद ओट्यावर आणून ठेवले. तू चष्म्यासाठी हातसुद्धा पुढे केला नाहीस.

"वाचायची गरज नाही. पाठ आहेत मला."

"तू सही केलीस."

"केली."

"का?"

"माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज कॉलेजकडून जायचा होता. विभागप्रमुखांनी धमकी वगैरे काही दिली नाही. फक्त विचारलं, तुमचे कागद कुठवर आले? आणि पेन पुढे केलं."

"मग भास्करकाका सांगतात ते काय आहे?"

"मी त्यांना फार वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं. लिंडाला काढलं, आणि मी ते कॉलेज सोडलं. दोन्ही वाक्यं खरी होती. मधली दोन वर्षं मी गाळली. त्यांनी ती दोन वाक्यं जोडून टाकली. त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला..." तू थांबलीस. "मला बरं वाटलं, मेधा. फार बरं वाटलं. वाटलं, असंच झालं असतं तर."

"लिंडाचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही."

"शोधलंसुद्धा नाहीस? आठशे वर्षांनंतर लिहिलेल्या पानांतलं खोटं तू शब्दाशब्दानं उकरून काढलंस, आणि एका जिवंत बाईला एक फोन नाही केलास?"

तू स्टुलावर बसलीस. तुझे ओठ निळसर दिसत होते, ते मला दिसले. तरी मी थांबले नाही. "त्या बुधवारी मी तुला विचारायला आले होते. मेथी निवडत होतीस तू. तेव्हा तोंड उघडलं असतंस, 'मी सही केली होती, मी घाबरले होते,' एवढं म्हटलं असतंस, तरी मी कदाचित तेच केलं असतं. पण माहीत असून केलं असतं. समीरच्या बाबांचे... मावशी, तू त्याच्या शेजारी येऊन बसलीस! त्याचा हात धरलास!"

 मग म्हणालीस, "ती चरित्रं लिहिणारी माणसं. मी त्यांना आयुष्यभर खोटारडे म्हणत आले. पण आता मला वाटतं, की त्यांना..."

"आत्ता ग्रीक नको, मावशी. प्लीज."

 मी जाकीट घेतलं आणि निघाले.

ते वाक्य तू पुरं केलं नाहीस. मी करू दिलं नाही. या पाच आठवड्यांत मी ते शंभर तऱ्हांनी पुरं करून पाहिलंय. त्यांना काय, मावशी? त्यांना भीती वाटत होती? त्यांना लाज वाटत होती? त्यांना ठाऊक होतं? प्रत्येक वेळी ऐकू येतो तो माझाच आवाज. तुझा नाही.

तीन महिने मी रविवारी आले नाही. पुस्तिकेचं काम पडून राहिलं. भास्करकाका फोन करायचे, मावशींचं हार्ट नीट नाही, पायाला सूज आहे, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. मी हं-हं म्हणायचे. मग जानेवारीच्या अखेरीला, एका दुपारी, मी घरून काम करत होते आणि दाराची बेल वाजली. शाळेला बर्फाची सुट्टी होती म्हणून अन्वी घरी होती. ती पळत आली. "मॉम, इट्स मावशीआजी!"

मी खिडकीतून पाहिलं. तू टॅक्सी करून आली होतीस. ती रस्त्यावर थांबली होती. तुझ्या हातात काही नव्हतं, ना डबा, ना पुस्तक. मी कॉलवर होते, हे खरं आहे. कॅमेरा बंद होता आणि माझं बोलायचं काही नव्हतं, हेही खरं आहे.

"सांग तिला, आई मीटिंगमध्ये आहे."

"बट मॉम, इट्स सो कोल्ड."

"सांग म्हटलं ना."

अन्वीनं दार थोडं उघडून सांगितलं. तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. अन्वीला नंतर विचारलं तर ती म्हणाली, "शी सेड ओके." मी वरून बघत राहिले. ड्राइव्हवेवर बर्फ घट्ट झाला होता. तू एक एक पाऊल जपून टाकत टॅक्सीपर्यंत गेलीस. ड्रायव्हर उतरला आणि त्यानं तुला हात दिला. मी दिला नाही. अकरा दिवसांनी तू गेलीस.

मला रडू आलं नाही, मावशी. तुला खोटं सांगणार नाही. भास्करकाकांचा फोन आला तेव्हा मी डिशवॉशर भरत होते. भरून पूर्ण केला. मग बटण दाबायचं सुचेना. तिथेच उभी राहिले. समीर येऊन दाबून गेला.

स्मरणसभा कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये होती. भास्करकाकांनी तुझा एक हसरा फोटो मोठा करून आणला होता. तू अशी कधी हसत नव्हतीस, फोटोग्राफरनं हसवलं असणार. एक एक जण उठून बोलायला लागला. मावशींचा आवाज कधी चढला नाही. मावशींनी कुणाविषयी वाईट काढलं नाही. मी आठवत होते, एका शब्दाच्या अर्थावरून तू माझ्यावर एवढी ओरडलीस की शेजारच्या गोऱ्या बाईनं येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? मग एक जण उठून म्हणाला, त्या मोठ्या बर्फाच्या वादळात मावशी आमच्याकडे सूप घेऊन आल्या. लगेच दुसरी उठली. म्हणाली, अहो, त्या संध्याकाळी तर त्या आमच्याकडे होत्या! आणि कुणाला शंका आली नाही. सगळे नुसते माना डोलावत राहिले, कुणी डोळे पुसले. ते सूप तू माझ्या हातून पाठवलं होतंस, मावशी. मी दिलं होतं ते दारात. माझ्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. समीरनं माझा हात दाबला.

मग भास्करकाकांनी लिंडाची गोष्ट काढली. आणि मी उठले.

लिहून काही नेलं नव्हतं. मी म्हटलं, असं झालेलं नाही. सहीचं सांगितलं. मधल्या दोन वर्षांचं सांगितलं. म्हटलं, ती घाबरली होती, आणि या हॉलमध्ये घाबरलेलं कोण नाही? ज्या मावशीनं आयुष्यभर सांगितलं की माणसाचा देव करू नका, तिचा आपण तिच्यासमोर केला, ती चहा करत असताना. तिनं तो होऊ दिला. मला तिचा फार राग आहे. ती बेल वाजवून गेली आणि मी दार उघडलं नाही. एवढं म्हटलं आणि मी खाली बसले.

 भास्करकाका जागेवरूनच म्हणाले, "मेधा, आजच्या दिवशी हे बोलायलाच हवं होतं का?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दुखावलेला होता, म्हाताऱ्या माणसाचा होता.  जेवताना आमच्या टेबलावर कुणी बसलं नाही.

परतताना हायवेवर समीर म्हणाला, "बाबांचं बोलली नाहीस."

"ते तुझं आहे. मी कसं बोलू?"

दोन एक्झिट गेले. मग तो म्हणाला, "मला मावशींचा राग कधीच नव्हता. तुझा होता. दोन वर्षं."

"अजून आहे?"

"आहे थोडा."

मी काच थोडी खाली केली. गार वारा आत आला. तो म्हणाला, "बंद कर, अन्वी झोपलीये." लग्नाला बारा वर्षं झाली, इतकं खरं आम्ही एकमेकांशी फारसं बोललेलो नाही. त्यानं बरं वाटलं का, विचारशील तर, नाही वाटलं.

मला वाटलं होतं, निदान ती गोष्ट तरी आता संपली. पंधरा दिवसांनी वर्गाच्या आजवरच्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भास्करकाकांचा लांबलचक मेसेज आला. आपल्या मावशींच्या आयुष्यात एकच चूक होती, आणि केवढं मोठं मन! जाण्यापूर्वी त्यांनी स्वतः आपल्या लाडक्या शिष्येला बोलावून सांगितलं, की माझ्यामागे सर्वांसमोर हे जाहीर कर. खाली चाळीस लोकांनी हात जोडले होते. कुणीतरी लिहिलं होतं, असा शेवट संतांनाच लाभतो. काका खोटं बोलत नव्हते, मावशी. मी ओळखते त्यांना. त्यांना खरोखर तसंच आठवायला लागलंय. तुझी सही त्यांनी उचलली आणि मखरात बसवली. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं.

मागच्या शनिवारी ऋतुजा घरी आली. ती तुला आठवेल, गेल्या वर्षी नागपूरहून आलेली, पोह्यांवर शेव जास्त मागणारी. तिच्या टीममधल्या प्रिया नावाच्या मुलीनं मॅनेजरविरुद्ध तक्रार केली होती. मीटिंगमध्ये तो सगळ्यांसमोर तिला घाणेरडं बोलला होता आणि ऋतुजा तिथे हजर होती. आता मॅनेजरला ऋतुजाकडून लेखी हवं होतं की तसं काही घडलंच नाही.

"मेधाताई, मावशी असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

मी तिला चहा दिला आणि सगळं सांगितलं. पत्र, सही, पेन पुढे करणारे विभागप्रमुख. माझा नकार. कॅरल वाचली नाही ते. साठ दिवस. साखरेच्या बरणीला टेकवलेला फोन. काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी म्हटलं, "सही करू नकोस असं मला वाटतं. पण त्याचं काय होतं ते मी पाहिलंय, ते लपवून तुला हे सांगणार नाही." तिनं सगळं नीट ऐकलं, कप धुवून ठेवला, मला मिठी मारली.

सोमवारी दुपारी तिचा मेसेज आला. "ताई, सही केली. सॉरी."

मला खोटी गोष्ट सांगितली होती आणि मी नकार दिला. तिला मी सगळं खरं सांगितलं आणि तिनं सही केली. पाच वर्षं आपण ओट्यापाशी उभ्या राहून भांडलो, आणि आता उत्तर आलं तर ते घेऊन भांडायला तू नाहीस. तू काय म्हणाली असतीस ते मला खरंच कळत नाही, मावशी. मला त्या मुलीचा राग आला नाही. तो यावा असं फार वाटत होतं.

मी ऑफिसातून लवकर निघाले आणि ऋतुजाच्या अपार्टमेंटवर गेले. ती रडून रडून सुजली होती. मी विचारलं, "प्रिया कुठे राहते?" ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "तिला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तू सांग. आजच. मी येते बरोबर." ती अर्धा तास नाही म्हणत होती. मग उठून तिनं बूट घातले.

प्रियाच्या दाराशी मी दोन पावलं मागे उभी राहिले. ऋतुजा जे बोलायचं ते बोलली, अडखळत, पण सगळं. प्रिया दाराला हात लावून ऐकत होती. तिच्या पायांत घरातले लोकरी मोजे होते. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं होतं, निदान तू तरी." आणि तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

ऋतुजा तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. मी तिला उठवलं नाही, समजावलं नाही. तिच्या शेजारी बसले.